गाडीतली पंधरा मिनिटं

वजाबाकी चुकली नव्हती. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर जो तो वजाबाकीवर बोट ठेवायला निघाला होता. तिसरीतल्या पोराला येते तेवढीच ती वजाबाकी. आत्ताची वेळ, त्यातून सुरुवातीची वेळ वजा. माझ्या दादाच्या बाबतीतही उत्तर बरोबरच येत होतं. दर मिनिटाला, हिरव्या आकड्यांत, अगदी बरोबर. आणि त्या बरोबर उत्तराने तो मरत होता.

उमरघाटला कोळशाच्या चार खाणी आहेत आणि एक रुग्णालय. खाणीत माणूस डंपरखाली आला की पूर्वी तो वाटेतच संपायचा, कारण रक्त थांबवायला सर्जन लागतो आणि सर्जन खाणीच्या तोंडाशी बसून राहत नाही. मग गारपेटी आली. सरकारी नाव लांबलचक आहे, ते कुणी घेत नाही. गाडीतच माणसाच्या मांडीतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांत दोन नळ्या घालतात, त्याचं रक्त पिशवीत काढून घेतात आणि त्या जागी बर्फासारखं गार खारं पाणी भरतात. अंग दहा अंशांवर उतरतं. हृदय थांबतं, श्वास थांबतो. मेंदू इतका गार पडतो की त्याला प्राणवायूची गरजच उरत नाही म्हटलं तरी चालेल. बघणाऱ्याला प्रेत दिसतं. पण ते प्रेत नसतं. फाटलेली नस शिवायची, रक्त परत भरायचं, हळूहळू ऊब द्यायची, की माणूस उठतो.

दोन तासांच्या आत हं. दोन तासांनंतर ऊब दिली की मेंदूच्या पेशी फुगतात आणि फुटतात. मग उठतं ते शरीर. माणूस कुठेतरी मागेच राहतो.

म्हणून सगळा खेळ वेळेचा. पेटीचं झाकण लागलं की चालक गाडीतल्या टॅबलेटवर बोट ठेवतो, ती सुरुवातीची वेळ. रुग्णालयाच्या यंत्रखोलीत एक स्क्रिप्ट चालते. स्क्रिप्ट म्हणजे कॉम्प्युटरला ओळीने दिलेल्या आज्ञा, दुसरं काही नाही. ही वेळ वाच, ती वेळ वाच, दोन्हींचे सेकंद कर, एकातून एक वजा कर, उत्तर पडद्यावर टाक, मिनिटभर थांब, पुन्हा कर. कंत्राटदाराच्या माणसांनी ती लिहिली आणि सांभाळायला मला बसवलं. मी तृप्ती रामटेके, ऑपरेटर. ऑपरेशन थिएटरमध्ये जो पडदा असतो त्यावर माझ्या खोलीतून आकडा जातो, आणि सर्जन त्या आकड्याकडे बघत हात चालवते.

आणखी एक आज्ञा त्या स्क्रिप्टमध्ये होती. उत्तर दोन तासांच्या वर गेलं आणि ऊब सुरू झालेली नसली, तर पेटी स्वतःच गार पाण्याचा पंप बंद करते आणि उपचार संपले असं जाहीर करते. डॉक्टरला विचारत नाही. मुदतीनंतर उठलेल्या माणसाला आयुष्यभर सांभाळायचा खर्च विमा कंपनीला नको होता. त्यांनी तसं लिहिलं मात्र नव्हतं. त्यांनी लिहिलं होतं, रुग्णाच्या सन्मानासाठी.

आणि गाडीचं घड्याळ. खाणीच्या बाजूला मोबाइलला धड रेंज नाही. म्हणून उपग्रहावरून वेळ घेणारी एक डबी प्रत्येक गाडीत बसणार होती, म्हणजे गाडीचं आणि रुग्णालयाचं घड्याळ आपोआप जुळलं असतं. वर कुणीतरी खर्च कमी करताना ती डबी खोडली. तिच्या जागी परिपत्रक आलं. चालकाने रोज घड्याळ जुळवून घ्यावे. कशाशी, ते लिहिलं नव्हतं.

मार्चमधली दुपार होती. पडद्यावर नवी पेटी आली. गाडी क्रमांक तीन, सुरुवात दोन वाजून पंधरा, नाव निशांत मेश्राम. मी नाव दोनदा वाचलं. उमरघाटात निशांत मेश्राम एकच, माझा दादा. खाणीत पाणी उपसायचे पंप बघायचा. गाडी क्रमांक तीन माझा नवरा अंकुश चालवतो.

मी खोली सोडू शकत नव्हते. काचेतून स्ट्रेचर जाताना दिसलं. पेटीच्या झाकणाखाली दादाचा चेहरा निळसर, मेणासारखा, आणि ओठ थोडे उघडे, बोलायचं राहून गेल्यासारखे. डॉक्टर कुरेशी मॅडम मागोमाग आत गेल्या. नर्सने सांगितलं, प्लीहा फुटली आहे आणि उजवी मांडी चिरडली आहे. आधी पोट, मग पाय. वेळ पुरला तर पायाची नस जोडतील.

वेळ बरा होता. पडद्यावर तासाभरापेक्षा जास्त शिल्लक दिसत होतं. मी ते आकडे बघत बसले.

वहिनी बाहेरच्या बाकावर होती. तिचं खाणीच्या गेटवर चहाचं दुकान, त्यामुळे ती गाडीतूनच आली होती. मी दार उघडं ठेवून तिला पाणी दिलं. पोटाचं काम झालं होतं, ते तिला सांगितलं. ती पाणी प्यायली नाही. पेला हातात धरून बोलत राहिली, माझ्याशी नाही, पेल्याशी.

"भाऊजी झाकण लावून रायले होते, तं भोंगा झाला वो. मले वाटलं, आता सुरुंग फुटते आन् पेटी हादरते. मी पेटीवर आडवीच पडली. भाऊजी म्हणे, उठा वहिनी, काई होत नाही तिले."

"भोंगा?" मी म्हटलं. "कोणता भोंगा?"

"आता कोणता म्हणजे? सुरुंगाचा. दोनचा."

"मागाहून पुन्हा झाला असेल."

"पुन्हा कायले होईल? तुले का माहीत नाही का, एकदाच होते तो."

माहीत होतं. सगळ्या उमरघाटला माहीत आहे. सुरुंगाआधी खाणीतून माणसं हटवावी लागतात, म्हणून भोंगा दोनच्या ठोक्याला होतो. तो चुकला तर माणसं मरतात, त्यामुळे चुकत नाही. गावातल्या बायका त्यावर कुकर लावतात.

भोंगा दोनला. झाकण भोंग्याबरोबर. आणि पडदा म्हणत होता सव्वादोन.

मी वहिनीला तिथेच सोडलं. आवारात पळाले.

अंकुश गाडी धूत होता. पाइप हातात, पँट गुडघ्यापर्यंत वर, आणि गाडीतून तांबूस पाणी वाहत होतं. माझ्याकडे बघून त्याचं तोंड पडलं. "गेला का?"

मी त्याला ढकलून आत चढले. टॅबलेटवर चार वाजून बारा मिनिटं झाली होती. माझ्या फोनवर तीन सत्तावन्न.

"हे घड्याळ कुणी लावलं?"

"मी."

"कशावरून?"

"घरच्यावरून. काहून?"

आमच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ पंधरा मिनिटं पुढे असतं. सासूने ठेवलंय. उमरघाटात निम्म्या घरांत असंच आहे. घड्याळ पुढे ठेवायचं म्हणजे खाणीतली पाळी चुकत नाही. घरातल्या पोरासोरांना ठाऊक असतं, बघितलं की प्रत्येक जण पंधरा कमी करून घेतो. पाहुणा आला तर त्याला सांगतात. स्क्रिप्टला कुणी सांगितलं नव्हतं.

"गाडीचं कशाला पुढे केलंस?"

"दोनदा उशीर झाला म्हणून नोटीस भेटली होती ना मले. मंग म्हटलं, एक पुढे आन् एक मागे असलं की घोळ होते. दोन्ही सारखेच ठेवू." तो पाइप बंद करायला विसरला होता. पाणी त्याच्याच पायावर पडत होतं. "तृप्ती, काय झालं?"

"कधीपासून?"

"दिवाळीपासून. काय झालं ते सांग ना."

सांगायला वेळ नव्हता, आणि सांगावं लागलंही नाही. तो टॅबलेटकडे बघत होता, मग माझ्या फोनकडे, आणि मी त्याच्या चेहऱ्यावर ती वजाबाकी होताना पाहिली.

थिएटरकडे पळताना मी एकाच वेळी दोन गोष्टींना घाबरले. पहिली ही, की पडद्यावर अठरा मिनिटं शिल्लक दिसत होती आणि खरी तीनसुद्धा नव्हती. दुसरी, की मी हे दुरुस्त करू शकत नव्हते. सुरुवातीची वेळ बदलणं माझ्या हातात होतं, चार कळा दाबायचं काम. पण बदलायचं, कळवायचं, तोवर दोन तास उलटणार, आणि स्क्रिप्ट पुढच्या मिनिटाला बरोबर वजाबाकी करून दादाचा पंप बंद करणार. खोटी वेळ ठेवली तर कुरेशी मॅडम सावकाश पायाची नस जोडत बसणार आणि आत मेंदू कुजणार. खरी वेळ घातली तर पेटीच त्याला मारणार.

मी मास्क न लावता दार ढकललं. नर्स अंगावर आली. मॅडमनी मान वर केली नाही.

"मॅडम, वेळ चुकीची आहे. पंधरा मिनिटं जास्त झालीत. दोन तास भरले."

"पडद्यावर सतरा आहेत."

"गाडीचं घड्याळ पुढे होतं. मी बघून आले."

"मग पडदा दुरुस्त कर. मला आकडा बदललेला दिसू दे."

"दुरुस्त केला तर पेटी त्याला सोडून देईल."

आता त्यांनी वर पाहिलं. त्यांच्या हातात दोन चिमटे होते आणि दादाची मांडी उघडी होती. मी तिकडे बघितलं नाही.

"तुला कळतंय का काय सांगतेस? नस जोडायला मला बारा मिनिटं लागतात. ती तू मला नाही म्हणालीस, तर पाय जातो. आत्ता. आणि कागदावर वेळ शिल्लक असताना मी पाय कापला असं राहतं."

"कळतंय."

"खात्री आहे?"

खात्री. एका भोंग्याची आणि एका बाईच्या कानाची. अंकुशच्या शब्दाची. आणि चार वाजून बारा मिनिटांची, जी मी डोळ्यांनी पाहिली होती. घाईत मीच आकडा चुकीचा वाचला नसेन कशावरून? भोंगा झाला तेव्हा झाकण लागलंच होतं कशावरून? हे सगळं डोक्यातून गेलं आणि मी हो म्हणाले.

"हा कोण आहे तुझा?"

"भाऊ."

"पाय माझ्या नावावर," मॅडम म्हणाल्या. "वेळ तुझ्या नावावर. विचारतील तेव्हा पळायचं नाही." मग नर्सकडे वळून, "आरी द्या."

मी तिथेच उभी होते. तो आवाज ऐकला. ऊब सुरू झाली तेव्हा खरी चार मिनिटं वर गेली होती आणि पडद्यावर अकरा शिल्लक होती. स्क्रिप्टने समाधानाने नोंद केली, मुदतीत.

संध्याकाळी दादाने डोळे उघडले. मॅडम, वहिनी, मी, तिघी खाटेभोवती. अंकुश दाराबाहेर. चार मिनिटांत किती पेशी फुटतात ते कुणालाच माहीत नव्हतं. कुठल्या, तेही नव्हतं. त्या एवढ्याशा वेळात माणसाचं बोलणं जाऊ शकतं, आईचा चेहरा जाऊ शकतो, किंवा काहीच नाही.

"दादा, मी कोण?"

तो बघत राहिला. वहिनीने माझं मनगट पकडलं. त्याची नजर माझ्या कपाळावर, मग केसांवर, मग पुन्हा डोळ्यांवर. मी आयुष्यभर दोन क्षणांमधलं अंतर मोजायचं काम केलं, पण ते अंतर मला आजही सांगता येणार नाही. वहिनीची नखं रुतली होती.

"चिमणे," तो म्हणाला. "रडून कायले रायली?"

दादा उठला. सगळा उठला. फक्त विचारल्यावर उत्तर यायला त्याला पूर्वीपेक्षा वेळ लागतो. वहिनी म्हणते औषधाने असेल.

पाय नसल्याचं त्याला दुसऱ्या दिवशी कळलं. पडद्यावर वेळ शिल्लक होता, हे त्याला वॉर्डबॉयने आठवड्याने सांगितलं.

मग सुरू झालं. खाणीतल्या युनियनवाल्यांनी रुग्णालयासमोर ठिय्या दिला. गरिबाचा पाय म्हणून कापला, साहेबाचा असता तर जोडला असता. हे खोटंही म्हणवत नव्हतं, कारण एरवी असंच होतं. कुरेशी मॅडमना घरी बसवलं. त्यांच्या दारावर कुणीतरी डांबर फासलं. आणि ज्यांनी डबी खोडली होती त्यांनी चौकशी समिती नेमली. समिती आली, एसी खोलीत बसली, स्क्रिप्टची एकेक ओळ तपासली आणि म्हणाली, गणित निर्दोष आहे. मॅडमनी सांगितलं, ऑपरेटरने मला वेळ सांगितली. समितीने मला सोमवारी बोलावलं.

रविवारी अंकुश जेवला नाही. दुपारच्या त्या गाडीधुण्यानंतर तो कामावर गेलाच नव्हता.

"सांगशील?" त्याने विचारलं.

"मॅडमची नोकरी जायला आली आहे."

"आन् मी आत गेलो तं आईले कोण पाह्यते?"

"डबी ज्यांनी बसवली नाही ते कुठे आत जाणार आहेत?" मी ओरडले. "तू जाशील. हे ठरलेलंच आहे. तुझ्या बोटाचा ठसा आहे टॅबलेटवर, त्यांचा कशावरच नाही."

"मंग नको सांगू."

"अंकुश, दिवाळीपासून तू किती पेट्या आणल्यास?"

आकडा दोघांनाही माहीत होता. त्यातल्या एका पेटीचं घर तर आमच्या दारातून दिसतं. वनिताबाईंची समीक्षा, एकोणीस वर्षांची, स्कूटरवरून कोळशाच्या ट्रकखाली आली. जानेवारीत अंकुशनेच तिला पेटीत घातलं. पडद्यावर शेवटचं मिनिट असताना ऊब सुरू झाली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीसुद्धा. समीक्षा उठली. भरवलं तर गिळते. खिडकीकडे तोंड करून बसवलं तर खिडकीकडे बघते. डॉक्टर म्हणाले, डोक्याला मार होता. वनिताबाई अजून अंकुशला रस्त्यात थांबवून म्हणतात, बाबू, तुये पाय धरतो मी, तू नसता तं माही पोरगी गेली असती.

तेव्हा तो मान खाली घालून पुढे जायचा. लाजतो, असं मला वाटायचं. आता तो त्या गल्लीनेच जात नाही.

मी उठले आणि दादाकडे गेले. समितीच्या आधी त्याला कळायला हवं होतं. दादा अंगणात खुर्चीवर होता, कुबडी भिंतीला. मला बघून त्याने तोंड फिरवलं.

"आली का पडदेवाली. अठरा मिनिटं होते म्हणे पडद्यावर. माह्या पायाले काय, अठरा मिनिटंबी महाग झाले?"

वहिनी चुलीपाशी थांबली. मी उभ्याउभ्याच सांगितलं. भोंगा, टॅबलेट, भिंतीवरचं घड्याळ. पाय कापा असं मीच म्हणाले, हेही सांगितलं. तसं म्हणाले नसते तर तू समीक्षासारखा बसला असतास, असं सांगितलं. आणि घड्याळ अंकुशने लावलं होतं, हे शेवटी.

वहिनीने हातातलं भांडं खाली ठेवलं. "म्हणजे मी भोंग्याचं बोलली नसती तं..."

मी दादाकडे बघत होते. त्याचे ओठ हलत नव्हते. तो नवा उशीर, त्याच्या डोक्यातला. त्या उशिरात काय काय मावू शकतं ते मी बघत होते. शिवी मावते. अंकुशच्या गळ्यावर हात मावतो. माझं माहेर कायमचं बंद होणं मावतं. मी घाबरून त्याच्या तोंडाकडे बघत राहिले, जसं दर मिनिटाला पडद्याकडे बघते.

"आन् त्या समीक्षाच्या मायले?" दादा म्हणाला. "तिले कोण सांगते?"

मी भिंतीला टेकवलेल्या कुबडीकडे बघितलं.

"माह्यं सोड," तो म्हणाला. "मी बोलून तरी रायलो. उद्या त्या साहेबांच्या तोंडून पेपरात वाचंल ती? जाय आधी." आणि मी वळले तेव्हा मागून, "अंकुशले सांग, मले तोंड दाखवू नको म्हणा. सद्या तरी."

घरी आले तर अंकुश नव्हता. सासू उंबऱ्यात बसली होती. भिंतीवर घड्याळाच्या जागी एक पांढरा गोल होता, बाकी भिंत धुराने काळपट.

"तो कुठे आहे?"

"वनिताकडे गेला. घड्याळ काढून घेऊन गेला बगलेत. मी म्हटलं, कायले नेतं रे ते, बंद पडलं का? तं म्हणे, आई, याच्याशिवाय मले सांगता नाही येणार." तिने माझ्याकडे बघितलं. "काय सांगाचं हाय त्याले?"

मी गल्ली ओलांडली. वनिताबाईंचं दार लोटलेलं होतं. बाहेर अंकुशची चप्पल होती, एक पालथी पडलेली, जशी घाईत काढतात. खिडकीत समीक्षा होती, नेहमीच्या जागी, नेहमीसारखी रस्त्याकडे बघत, आणि मी समोरून गेले तरी तिची नजर माझ्यामागे आली नाही.

आतून कुणाचाच आवाज येत नव्हता.

मी त्याची पालथी चप्पल सरळ केली, तिच्याशेजारी माझी काढली, आणि दार ढकललं.